फॉक्सप्रोनंतर काय? गतिक प्रोग्रॅमिंग भाषा आणि त्या शिकण्याची साधने

कृष्णाकाठ:

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेत १९९६ पासून संगणक विभाग सांभाळते. सभासद-नोंद, कर्जखाती आणि पिग्मीचा हिशेब हे सारे आमच्याकडे आरंभापासून फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस प्रणालीत चालत आले आणि त्यांतील बऱ्याचशा आज्ञावल्या मीच लिहिलेल्या आहेत. आता संस्थेने बाहेरचे तयार सॉफ्टवेअर घेतल्यामुळे रोजचे काम माझ्या हातून गेले आहे. मात्र तिच्या जुन्या डीबीएफ फाइली, म्हणजे माहितीचे तक्ते, तशाच पडून आहेत आणि लेखापरीक्षकांनी किंवा एखाद्या जुन्या सभासदाने काही विचारले की त्या उघडून माहिती काढण्याचे काम अजूनही माझ्याकडेच येते. नव्या संगणकांवर फॉक्सप्रो चालवायचे म्हणजे दर वेळी काहीतरी खटपट करावी लागते, आणि निवृत्तीपूर्वी या फाइलींची एकदाची नीट वासलात लावावी अशी माझी इच्छा आहे.

माझा भाचा म्हणतो की पायथन शीक, ती डायनॅमिक भाषा आहे, सोपी आहे. डायनॅमिक म्हणजे नेमके काय, असे विचारल्यावर त्याने जे सांगितले त्यातून माझा फारसा बोध झाला नाही. मी शोध घेतला तर डायनॅमिक प्रोग्रॅमिंग या नावाखाली भलतीच गणिते समोर आली. तेव्हा माझे प्रश्न असे की या भाषांचे वेगळेपण कशात आहे, माझ्या कामाला त्यांतील कोणती योग्य, आणि घरी रात्री एक तास देऊन ती शिकायची तर कोणते साहित्य घ्यावे? व्हिडिओ पाहताना मला झोप येते, हे आधीच सांगून ठेवते. इंग्रजी वाचता येते, पण सावकाश.

जुना टंक:

ताई, पहिल्यांदा एक घोळ मिटवू. तुम्हाला सापडलेले डायनॅमिक प्रोग्रॅमिंग ही रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात मांडलेली, मोठे कोडे लहान कोड्यांत फोडून सोडवण्याची पद्धत आहे. तिचा आपल्या विषयाशी नावापुरताच संबंध आहे, त्यामुळे ते पान खुशाल मिटून टाकावे.

दुसरी गोष्ट तुम्हाला कदाचित आश्चर्याची वाटेल, पण तुम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे गतिक, म्हणजेच डायनॅमिक, भाषेतच काम करत आहात. फॉक्सप्रोमध्ये एखाद्या मेमरी व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मूल्य ठेवण्यासाठी दिलेल्या नावात, सकाळी आकडा ठेवला आणि दुपारी त्याच नावात तारीख ठेवली तर कोणी हटकत नाही. नावाला प्रकार नसतो, प्रकार असतो तो त्या क्षणी त्यात असलेल्या मूल्याला, आणि तो आज्ञावली चालू असतानाच तपासला जातो. सी किंवा जावामध्ये हे चालत नाही, कारण तिथे नाव जाहीर करतानाच त्याचा प्रकार सांगावा लागतो आणि कंपायलर, म्हणजे आज्ञावलीचे संगणकासाठी भाषांतर करणारे साधन, ती चालण्याआधीच सगळे पडताळतो. गतिक आणि स्थितिक (स्टॅटिक) यांतला मूळ भेद एवढाच. टाइप नावाचे फंक्शन वापरून एखाद्या गोष्टीचा प्रकार विचारला की आकड्यासाठी एन, मजकुरासाठी सी, तारखेसाठी डी किंवा खरे-खोटे यासाठी एल असे अक्षर मिळायचे, हे तुम्हाला आठवत असेलच. त्याच नावाचे फंक्शन पायथनमध्ये आहे आणि ते तेच काम करते. अँपरसँड लावून व्हेरिएबलमधल्या मजकुराचीच आज्ञा बनवण्याची सोय तर आजच्या अनेक भाषांपेक्षा अधिक मोकळी होती, आणि तिच्यामुळे झालेले घोटाळे निस्तरण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या आहेत.

यापेक्षाही मोठे साम्य कमांड विंडोचे आहे. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा, उत्तर लगेच पाहायचे, ही सवय ज्यांना डीबेस या त्याआधीच्या डेटाबेस प्रणालीतील ठिपक्याच्या खुणेपासून लागली त्यांना पायथनची तीन बाणांची खूण परकी वाटत नाही. ही कल्पनाही नवी नाही, जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत लिस्प या भाषेचे काम सुरू केले, तिच्याच घराण्यात ती रुजली. माझा अनुभव असा की गतिक भाषा शिकणाऱ्यांपैकी जे या खिडकीत रमतात ते टिकतात, आणि जे पहिल्या दिवसापासून पूर्ण आज्ञावली लिहू पाहतात ते आठवड्याभरात कंटाळतात.

दोन ठिकाणी मात्र तुम्ही ठेचकाळाल. फॉक्सप्रोमध्ये वरच्या प्रोसीजरमधला व्हेरिएबल तिने बोलावलेल्या खालच्या प्रोसीजरला आपोआप दिसतो आणि बदलताही येतो. पायथनमध्ये तसे होत नाही. फंक्शनला जे हवे ते कंसातून द्यावे लागते आणि त्याने जे काढले ते परत घ्यावे लागते. दुसरे असे की पायथनमध्ये व्हेरिएबल हा डबा नसून डब्याला बांधलेली चिठ्ठी आहे. एका यादीला दुसरे नाव दिले तर यादीची प्रत होत नाही, एकाच यादीला दोन चिठ्ठ्या लागतात, आणि एका नावाने भर घातली की दुसऱ्या नावाखालीही ती दिसते. हा प्रयोग पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने करून पाहावा, म्हणजे पुढचा एक महिना वाचतो.

रानवारा:

जुना टंक यांचा प्रतिसाद रंजक आहे, पण मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मी जवळजवळ वीस वर्षे जावा आणि सीमध्ये काम करत आहे आणि नवशिक्याने गतिक भाषेपासून सुरुवात करू नये असे माझे मत आहे. प्रकार आधी जाहीर करायला लावणारी भाषा माणसाला विचार करायला लावते, तर गतिक भाषा त्याला चुकीच्या वाटेने दहा मैल चालू देते आणि मग दरीच्या काठावर नेऊन सांगते की रस्ता संपला. पैशांच्या हिशेबात ही सवलत महागात पडते. शिवाय टाइपस्क्रिप्ट ही भाषा २०१२ मध्ये आली ती जावास्क्रिप्टवर प्रकारांचा लगाम घालण्यासाठीच, आणि पायथननेही २०१५ मध्ये ३.५ या आवृत्तीपासून प्रकारांच्या सूचना लिहिण्याची प्रमाणित सोय दिली. गतिक भाषा स्वतःच जर स्थितिकतेकडे वळत असतील तर आधी तीच का शिकू नये, असा माझा साधा प्रश्न आहे.

शेवंती:

रानवारा यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक गल्लत दूर करायला हवी, कारण ती पाठ्यपुस्तकांतही आढळते. भाषा गतिक असणे आणि भाषा सैल असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मी कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय शिकवते. आमच्या अभ्यासक्रमात जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या दोन गतिक भाषा आहेत, त्यामुळे हा भेद मला दर वर्षी फळ्यावर मांडावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये अवतरणातला ५ आणि मोकळा १ यांची बेरीज केली तर ५१ असा मजकूर मिळतो, पण त्याच दोघांची वजाबाकी केली तर ४ हा आकडा मिळतो. वर्गात हे पहिल्यांदा दाखवले की हशा पिकतो. पायथनमध्ये मात्र दोन्ही वेळा त्रुटीचा संदेश येतो आणि काम तिथेच थांबते. फॉक्सप्रोही असेच थांबत असे. ऑपरेटर/ऑपरंड टाइप मिसमॅच ही ओळ ताईंच्या चांगलीच परिचयाची असणार. म्हणजे पायथन गतिक असली तरी कडक आहे, आणि या बाबतीत ती जावास्क्रिप्टपेक्षा फॉक्सप्रोच्या अधिक जवळची आहे.

ताईंच्या कामाशी थेट संबंध असलेला एक प्रयोग मी काल मुद्दाम तीन भाषांत करून पाहिला. देवनागरी अंकांत लिहिलेला १२५० हा मजकूर घेतला आणि त्याचा आकडा करायला सांगितले. पायथनच्या इंट या फंक्शनने मुकाट्याने खरा आकडा दिला, कारण युनिकोडमधील, म्हणजे जगातील लिप्यांच्या सामाईक अक्षरसंकेतातील, कोणत्याही लिपीचे दशमान अंक त्याला कळतात. जावास्क्रिप्टने नॅन, म्हणजे हा आकडाच नव्हे, असे उत्तर दिले. रुबी या तिसऱ्या गतिक भाषेच्या टू-आय या पद्धतीने शून्य दिले, आणि तेही कोणतीही तक्रार न करता. पतसंस्थेच्या यादीत साडेबाराशे रुपयांची शिल्लक गुपचूप शून्य होणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. यात रुबीची निंदा करण्याचा हेतू नाही. तिथेही इंटिजर नावाचे कडक फंक्शन आहे आणि ते अशा मजकुरावर त्रुटी देते. पण कोणती भाषा गप्प बसते आणि कोणती ओरडते, हे नवशिक्याने पहिल्या आठवड्यात पाहून ठेवावे.

पायथनचेही कौतुक एका मर्यादेपर्यंतच करावे. लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम घातलेला १,२५,००० हा मजकूर इंटला चालत नाही, आधी स्वल्पविराम काढून टाकावे लागतात. तसेच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तिथे ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. हा पायथनचा दोष नसून द्विमान अपूर्णांकांचा स्वभाव आहे, आणि म्हणून रुपये-पैशांसाठी डेसिमल हे मॉड्यूल, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, वापरावे. ते भाषेसोबतच येते.

कृष्णाकाठ:

आपणा सर्वांचे आभार. काल रात्री पायथन उतरवून घेतले आणि चिठ्ठीचा प्रयोग केला. जुना टंक यांनी सांगितले तसेच झाले आणि खरोखरच धक्का बसला. आता माझी खरी अडचण सांगते. २००३ पर्यंतच्या फाइली डॉसवर पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड, म्हणजे संगणकावर भारतीय लिपी आणणारे कार्ड, बसवून भरलेल्या आहेत, तर त्यानंतरची नावे विंडोजवरच्या एका मराठी फाँटात आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र खुणा दिसतात. अशा फाइली पायथनला वाचता येतील का, आणि आल्या तरी नावे वाचनीय होतील का?

अक्षरमित्र:

ताई, फाइली वाचणे हा यातला सोपा भाग आहे. डीबीएफरीड नावाची छोटी विनामूल्य लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संच, आहे. ती पिप या साधनाने बसवावी. ती प्रत्येक नोंद क्षेत्राचे नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या रूपात हाती देते. मूळ फाइलींची आधी वेगळ्या डिस्कवर प्रत करावी, मेमो क्षेत्र असेल तर त्याचा मजकूर साठवणारी एफपीटी फाइलही सोबत ठेवावी, आणि एक लक्षात असू द्यावे की फॉक्सप्रोत डिलीट केलेली नोंद पॅक करेपर्यंत फाइलीतच असते. ही लायब्ररी अशा नोंदी मुख्य यादीत न दाखवता वेगळ्या ठेवते, त्यामुळे दोन्हींची संख्या मोजून जुन्या रेकॉर्ड-काउंटशी ताळा घालावा. तारखेचे क्षेत्र रिकामे असेल तर तिथे नन, म्हणजे काहीच नाही, हे मूल्य येते, आणि त्यावर दिवसांची वजाबाकी करू गेल्यास आज्ञावली थांबते.

मराठी मजकुराचे मात्र दोन वेगवेगळे रोग तुमच्याकडे आहेत आणि त्यांवर औषधही वेगळे आहे. जिस्ट कार्डाच्या काळातील नोंदी इस्की या भारतीय मानकात असतात. त्यात अक्षरांचा क्रम उच्चाराप्रमाणे असतो, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली असल्यामुळे एका बाइटला एक अक्षर अशी तक्त्यावरून अदलाबदल बहुतांशी पुरते. हा तक्ता पायथनच्या डिक्शनरीत, म्हणजे जोड्या साठवणाऱ्या रचनेत, बसवायला एक संध्याकाळ पुरे. फाँटाच्या काळातील नोंदी हे त्याहून किचकट प्रकरण आहे, कारण तिथे अक्षरे नसून अक्षरांचे तुकडे साठवलेले असतात आणि तेही डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने. किरण हे नाव घ्या. फाँटात ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर असतो, युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचे उलट होते; तो फाँटात अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये त्याला अक्षराच्या आधी न्यावे लागते. म्हणून तक्ता लावल्यावर वेलांटी आणि रफार हलवण्याचे आणखी दोन टप्पे लिहावे लागतील. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे बाइटवरून अक्षर ओळखण्याचा संकेत, लॅटिन-१ असे द्यावे, कारण त्यात प्रत्येक बाइटला काही ना काही अक्षर नेमलेले असते आणि वाचताना काहीच गळत नाही.

युनिकोडमध्ये आल्यावरही सावध राहावे. मराठी या शब्दाची लांबी विचारली तर पायथन ५ सांगते, कारण काना आणि वेलांटी तिथे स्वतंत्र मोजली जातात. आपल्या डोळ्यांना तीनच अक्षरे दिसतात, आणि रुबीत ग्राफीम क्लस्टर्स ही पद्धत वापरली तर तीनच मिळतात. क्रमवारीचा घोळ तर हमखास होतो. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये आहे, म्हणून नुसती सॉर्टेड ही आज्ञा दिली तर कळसकर आधी आणि कवठेकर नंतर येतात. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येत असल्यामुळे मतदार यादी लावणाऱ्या कोणाही कारकुनाला हे उलटे वाटेल. सॉर्टेडला की नावाचे फंक्शन देता येते. त्यात आपला वर्णक्रम स्वतः लिहून दिला की काम होते, आणि फंक्शनलाच दुसऱ्या फंक्शनच्या हाती देण्याची ही सवय गतिक भाषांमध्ये पुढे फार उपयोगी पडते.

जाता जाता एक गंमत सांगतो. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलची नावेही देवनागरीत देता येतात. शिल्लक, व्याजदर, हप्ता अशी नावे मी सर्रास वापरतो. फक्त नावात न दिसणारे जोडचिन्ह शिरले, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, तर पायथन ते नाव नाकारते. काही कळफलकांवर दऱ्या किंवा वाऱ्या लिहिताना ते नकळत पडते.

दूरदेशी:

मी नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. ज्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणकशास्त्राच्या संशोधन संस्थेत गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली ती इथेच अॅम्स्टरडॅममध्ये आहे. रानवारा यांनी वेगाचा मुद्दा काढलेला नाही, पण तो पुढे निघेलच म्हणून लिहितो. गतिक भाषा मंद असतात हे अंशतः खरे आहे, कारण प्रत्येक बेरजेच्या वेळी दोन्ही बाजूंचा प्रकार तपासावा लागतो. पण डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांच्या सेल्फ या भाषेवरील संशोधनात, चालत्या आज्ञावलीत प्रत्यक्ष कोणते प्रकार येतात हे पाहून त्याच बेताचे यंत्रसंकेत तयार करण्याचे तंत्र विकसित झाले. त्याच परंपरेतून २००८ मध्ये गूगलचे व्ही८ हे जावास्क्रिप्ट चालवणारे इंजिन आले. म्हणून ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केलेली जावास्क्रिप्ट आज इतकी चपळ आहे. ताईंच्या फाइलींत काही लाख नोंदी असल्या तरी पायथनला ते जड नाही.

साहित्याबद्दल माझे मत थोडे कडवे आहे. एकाच भाषेची पाच पुस्तके वाचण्यापेक्षा एक पुस्तक पूर्ण करावे आणि मग दुसऱ्या घराण्यातील एक छोटी भाषा पाहावी. माझ्यासाठी ती लुआ होती. रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली ही भाषा इतकी आटोपशीर आहे की तिच्यात यादी, कोश आणि वस्तू (ऑब्जेक्ट) हे सारे टेबल या एकाच रचनेतून उभे राहते. ती पाहिल्यावर पायथनमधील वस्तूंच्या पोटात काय चालते ते मला उमगले.

रानवारा:

शेवंती यांनी दाखवलेला गतिक आणि सैल यांतील भेद मला मान्य आहे. मी ते दोन्ही एकाच पारड्यात टाकत होतो. तरीही माझी धास्ती कुठून आली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी आम्ही व्याज-आकारणीची छोटी आज्ञावली पायथनमध्ये लिहिली होती. मुदतीपूर्वी बंद झालेल्या खात्यांसाठी तिच्यात एक वेगळी फांदी होती आणि तिथे मी एका व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर गाळले होते. वर्षभर ती फांदी एकदाही चालली नाही. ३१ मार्चच्या रात्री साडेदहा वाजता ती पहिल्यांदा चालली आणि त्या नावाचे काही अस्तित्वात नाही असे सांगून सगळे काम थांबले. जावाच्या कंपायलरने ही चूक मला वर्षभर आधी दाखवली असती.

यावर मी आता दोन उपाय करतो. प्रत्येक फांदी किमान एकदा चालेल अशा छोट्या चाचण्या लिहितो, आणि मायपाय हे साधन चालवतो, जे प्रकारांच्या सूचना वाचून विसंगती आधीच दाखवते. एक मात्र ध्यानात ठेवावे की पायथन स्वतः त्या सूचना पाळत नाही. आकडा येईल असे लिहून तिथे मजकूर पाठवला तरी आज्ञावली चालते, पडताळणी वेगळ्या साधनानेच करावी लागते. ताईंनी स्थितिक भाषेपासून सुरुवात करावी हा आग्रह मी मागे घेतो. हातातील काम पाहता तो अव्यवहार्य होता. बारावीनंतर अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलाला मात्र मी आजही तेच सांगेन.

शेवंती:

आता साहित्याकडे वळते. ताईंना व्हिडिओ नको आहेत आणि त्यांचा हात फॉक्सप्रोवर बसलेला आहे, तेव्हा व्हेरिएबल म्हणजे काय इथून सुरुवात करणारी पुस्तके त्यांना रटाळ वाटतील. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरील शिकवणी ही दुसरी एखादी भाषा येणाऱ्यांसाठी उत्तम आहे. तिची भाषा कोरडी आहे, पण प्रत्येक उदाहरण तीन बाणांच्या खुणेसमोर लिहून पाहता येते. त्यातील पहिली पाच प्रकरणे आणि फाइलींविषयीचे सातवे प्रकरण एवढे ताईंच्या कामाला पुरेल. वर्गांविषयीचे नववे प्रकरण तूर्तास सोडून द्यावे. फाइली, तक्ते आणि कंटाळवाणी कार्यालयीन कामे यांवरच भर असलेले पुस्तक हवे असेल तर अॅल स्वायगार्ट यांचे ऑटोमेट द बोअरिंग स्टफ आहे, आणि ते लेखकाने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला ठेवले आहे. माझ्या मते ताईंनी तेच हाताशी ठेवावे आणि अधिकृत शिकवणी अडेल तिथे उघडावी.

साधनांपैकी थॉनी हा आज्ञावली लिहिण्याचा संपादक (एडिटर) मी आग्रहाने सुचवेन. तो एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झाला. त्यात आज्ञावली एकेक पाऊल चालवता येते आणि एखादी पदावली कशी सुटत जाते ते टप्प्याटप्प्याने दिसते. चिठ्ठी आणि डबा यांचा गोंधळ माझ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यातून यानेच गेला. सरावासाठी एक्सरसिझम हे विनामूल्य संकेतस्थळ चांगले आहे, कारण तिथे एकच कोडे पायथन, रुबी, लुआ, एलिक्झिर अशा अनेक भाषांत सोडवता येते आणि मार्गदर्शक आपले उत्तर वाचून सूचनाही देतात.

मराठीतून काही हवे असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, ज्यातील अनेक पाठांना मराठी निवेदन आहे. पाठ लहान असतात आणि ऐकता ऐकता शेजारच्या खिडकीत करून पाहणे अपेक्षित असते, त्यामुळे झोपेची तक्रार तिथे कदाचित राहणार नाही. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथनमधून अल्गोरिदम शिकवणारा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. तो उत्कृष्ट आहे, पण तो विद्यार्थ्यांनी करावा. जुन्या फाइली वाचण्यासाठी त्याची गरज नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाकडून आयती आज्ञावली लिहून घेण्याबद्दल मला वर्गात रोज विचारतात. त्रुटीच्या संदेशाचा अर्थ विचारायला तो चांगला आहे, पण तुमच्या फाइलीतील रिकाम्या तारखा आणि गाळलेले हप्ते त्याला ठाऊक नसतात.

पाटी-पेन्सिल:

माझ्याकडे संगणक नाही, फक्त मोबाइल आहे. तरीही हे शिकता येईल का?

शेवंती:

होय. गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे पायथनच्या ओळी चालवता येतात. कळफलक लहान असल्यामुळे ओळीच्या आरंभीची जागा मोजून सोडणे त्रासाचे होते, आणि पायथनमध्ये त्या जागेलाच अर्थ असतो, हे मात्र सोसावे लागेल. शक्य झाल्यास महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून दोन तास मागून घ्यावेत.

कृष्णाकाठ:

दीड महिन्यानंतर लिहिते आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. जिस्टच्या काळातील सर्व फाइली युनिकोडमध्ये आल्या. तक्ता करायला एक संध्याकाळ नव्हे, चार लागल्या. फाँटाच्या काळातील नावांमध्ये वेलांटी जागेवर आली, रफार अजून काही जोडाक्षरांत रुसतो. वर्णक्रमाचे फंक्शन लिहिले आणि कवठेकर कळसकरांच्या आधी आले, तेव्हा घरात कोणी नसतानाही मी टाळी वाजवली.

त्यानंतर जुनी सभासद यादी नव्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या यादीशी जुळवून पाहिली, तर ४१ नावे जुळेनात. पडद्यावर दोन्हीकडे कुऱ्हाडे असेच दिसत होते, पण पायथन दोघांना समान मानायला तयार नव्हते. शेवटी दोन्हींची लांबी विचारली तर एकीकडे ८ आणि दुसरीकडे ९ असे उत्तर आले. मग एकेक अक्षर सुटे करून पाहिले. माझ्या तक्त्याने नुक्ता असलेला ऱ वापरला होता, आणि नव्या यादीत साधा र, हलन्त आणि अक्षरमित्र यांनी सांगितलेले ते न दिसणारे जोडचिन्ह होते. एकाच्या जागी दुसरे बसवणारी एक ओळ लिहिली आणि ४१ पैकी ३८ नावे जागच्या जागी जुळली.

उरलेल्या तीनपैकी दोन टंकनाच्या चुका निघाल्या, दोन्ही १९९८ मधल्या आणि दोन्ही माझ्याच. तिसऱ्या सभासदाचा मूळ अर्ज उद्या कपाटातून काढते.